डोंगऱ्याची उंची

जनावरे आपल्या चुकांची कारणे स्वतःच सांगत असत, त्या काळची ही गोष्ट. एका मेंढवाड्यात लांडग्यापासून राखण करण्यासाठी डोंगऱ्या नावाचे थोराड जातीच्या कुत्र्याचे पिल्लू वाढत होते. दर बाजाराच्या दिवशी भुऱ्या बोकड त्याला शेजारी उभे करून त्याची उंची मोजत असे आणि मेंढ्यांना बजावत असे,

"अजून माझ्या शिंगांना पोचला नाही! बायांनो, दूध वाढवा. शिंपल्यांची भुकटीही घाला, हाडे दांडगी होतील."

म्हातारी कुत्री तांबू म्हणाली, "अरे, त्याला बेताने खाऊ दे, सावकाश वाढू दे. कोवळ्या हाडांना एवढा भार पेलणार नाही."

"मावशी, तुमच्या वेळी खायलाच नव्हते, म्हणून हे शहाणपण!" बोकड म्हणाला. सगळा वाडा हसला.

चार महिन्यांत डोंगऱ्या शिंगांना टेकला. बोकडाने त्याचा सत्कार केला. मात्र भाषण संपण्यापूर्वीच पाय दुखू लागल्याने सत्कारमूर्ती खाली बसली.

त्याच संध्याकाळी लांडगा कुंपण ओलांडून आला. डोंगऱ्या गुरगुरला, पण वाकलेल्या पायांवर त्याला उठता येईना.

"वा, केवढा उंच!" लांडगा आदराने म्हणाला. "बसून राहा, बाळा. तुझी उंची मोजणाऱ्यांना मात्र माझ्याबरोबर यावे लागेल."