विनंती कुठे अडली?

एका गावात एक डायलिसिस केंद्र होते. खुर्च्या चारच, रुग्ण मात्र पंचक्रोशीतले. म्हणून शलाका नावाच्या अभियंता तरुणीने केंद्राला वेबसाइट करून दिली होती. घरबसल्या वेळ मागायची आणि ‘नोंदणी झाली’ असे दिसले की निर्धास्त व्हायचे.

एका सकाळी शेवंताबाईंचा फोन आला. “ताई, मालकांना घेऊन केंद्रावर बसलेय. मोबाइल म्हणतो नोंदणी झाली, इथं म्हणतात नावच नाही. पाय सुजलेत हो त्यांचे.”

केंद्राने त्यांना दुपारी कसेबसे सामावून घेतले. पण शलाकाला प्रश्न पडला. आणखी किती जणांचे असे झाले असेल? आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद वेबसाइट आपोआप ठेवत असे. ती तिने उघडली. ‘विनंती आली.’ ‘विनंती आली.’ ‘काहीतरी चुकले.’ अशा हजारो ओळी. कोणाची विनंती, कुठे चुकले, पत्ताच नाही. घाईघाईत हे तिनेच असे करून ठेवले होते.

प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यायचा आणि त्यापुढे वेळ, खाते, टप्पा, निकाल असे रकाने पाडायचे. काम तासाभराचे. तरी तिचा हात चालेना. सोमवारी खुर्ची देण्याच्या टप्प्यात बदल तिनेच केला होता. नोंद स्पष्ट झाली की बोट कुणाकडे वळणार, हे तिला आतून कळत होते.

शेजारचे देवस्थळी सर म्हणाले, “इंटरनेट गेलं होतं म्हणून सांग आणि मोकळी हो.” सरांचे सल्ले नेहमी असेच सोपे असत.

“आणि उद्या कोणी सुजलेल्या पायांनी आलं तर?” शलाका म्हणाली आणि तिने रकाने पाडले.

मग ती पडद्याकडे बघत बसली. दुपारी ओळ उमटली. विनंती अडतीस, टप्पा खुर्ची देणे. एकच खुर्ची दोघांनी मागितली, दुसऱ्याची विनंती गळाली, तरी त्याला ‘नोंदणी झाली’ दिसले. टप्पा तिचाच होता. संध्याकाळपर्यंत अशा तीन विनंत्या सापडल्या. तिने चूक दुरुस्त केली आणि तिघांनाही घर सोडण्याआधीच फोन केले. आधी गळालेले कोण, हे मात्र जुन्या ओळी सांगेनात. त्यांच्यासाठी तिने केंद्राला आठवडाभर एक खुर्ची मोकळी ठेवायला लावली.

शेवटचा फोन शेवंताबाईंना होता.

“चूक कोणाची होती म्हणायची?” त्यांनी विचारले.

“माझी, मावशी.”

त्या म्हणाल्या, “बरं. आता अडलं तर कोणाला विचारायचं, तेवढं तरी कळलं.”

तात्पर्य: मोघम नोंद लिहिणाऱ्याला वाचवते आणि अडलेल्याला दारात बसवते, म्हणून वेळ पडल्यास आपल्याकडेही बोट दाखवेल, अशीच नोंद ठेवावी.