दिवाणाची बेंबी

एरवी मला कुणी विचारत नाही; गोष्ट हवी झाली की मात्र माझंच डोकं खाता. ऐका.

राजवाड्यातल्या म्हाताऱ्या दाईला, तान्हाईला, नव्या दिवाणाने कामावरून काढलं. वर म्हणाला, "नीघ! तुला इथं कुणी हिंग लावूनसुद्धा विचारत नाही."

तान्हाईने गाठोडं बांधलं. तेवढ्यात भरल्या पंगतीत दिवाणाचं पोट फुगलं आणि तो गडाबडा लोळायला लागला. तान्हाईने कोमट पाण्यात हिंग कालवून त्याच्या बेंबीभोवती चोळला. थोड्या वेळाने वारा सरला. तो सगळ्या पंगतीने ऐकला.

"दिवाणजी," तान्हाई म्हणाली, "मी तुम्हांला हिंग लावून विचारते. आता कसं वाटतंय?"

राजेसाहेबांनी हसत हसत तिचं गाठोडं दिवाणालाच सोडायला लावलं. दिवाणाने माफीही मागितली.

मला तेच वाक्य ऐकवणाऱ्या आमच्या जावयाने, सदोबाने, अजून मागितलेली नाही.