एकेचाळीस नंबरचा ठसा

इंग्लंडातल्या एका धुरकट गावात एक कारखाना होता. आधी तिथे मोटारी बनत, पुढे विमानांची इंजिनंही बनू लागली. मोटार बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. आकाशात उतरणार कुठे? म्हणून इंजिनाचा प्रत्येक दांडा तिथे दोरीला टांगून लाकडी हातोडीने वाजवून बघत. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसंच. चांगला दांडा खणखणीत वाजे. आत चीर असली की बद्द.

वाजवणाऱ्या तपासनिसाकडे त्याच्या नंबराचा पोलादी ठसा असे. दांडा पसंत पडला की त्यावर तो ठोकायचा. तपासनीस वारला की त्याचा ठसा कानशीने घासून सपाट करायचा, अशी तिथली रीत होती. मेलेल्या माणसाने काही पसंत करायचं नसतं.

एझ्रा नावाचा म्हातारा तपासनीस वारला. त्याचा नंबर एकेचाळीस. तीस वर्षांत त्याच्या हातून चिरलेला दांडा एकदाही सुटला नव्हता. ठसा घासायचं काम त्याच्या हाताखाली शिकलेल्या लेनर्डकडे आलं. लेनर्डने ठसा खिशात टाकला आणि "घासला" असं सांगून मोकळा झाला. गुरूची आठवण म्हणून ठेवला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

आठवड्याने एक दांडा त्याला किंचित बद्द वाटला. पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. इंजिन संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. "झालं का रे?" साहेब दारातूनच ओरडून गेले. नाही म्हणावं तर बोलणी बसणार. स्वतःचा अठ्ठावन्न नंबर ठोकायला तर हात धजेना. जनाची नाही तर मनाची तरी असावी, म्हणतात. पण त्या घटकेला जन बघत नव्हते आणि मन गप्प बसलं. मेलेल्याला कोण जाब विचारणार? त्याने खिशातला ठसा काढून ठोकला. एकेचाळीस उमटलं. लेनर्डने ते नीट पाहिलं.

त्या दिवसापासून त्याच्या कानाला काहीतरी झालं. घरी चहाचा कप बशीत ठेवला, बद्द वाजला. रविवारी चर्चची घंटा वाजली, तीही बद्द.

"घंटा फुटली की काय?" त्याने बायकोला विचारलं.

"रोजच्यासारखीच तर वाजतेय," ती म्हणाली.

कारखान्यात त्याहून वाईट. वारा नसताना टांगलेले दांडे सावकाश फिरत आणि त्याच्याकडे तोंड करून थांबत. लेनर्डला जेवण जाईना. कान हीच तर त्याची सगळी कमाई होती.

सोमवारी नवं विमान न्यायला डोरथी नावाची वैमानिक आली. इंजिन त्यात बसवून झालं होतं. ती लेनर्डला म्हणाली, "इंजिन बसवणारा जोडारी सांगत होता, आत एका दांड्यावर एकेचाळीस नंबर आहे. एझ्राबाबांनी वाजवलेला दांडा असला की मला भीती वाटत नाही."

एवढं बोलून ती हसली. तिचं हसणंही त्याला बद्द ऐकू आलं.

"थांबा, जाऊ नका!" लेनर्ड ओरडला. "त्या दांड्यात चीर आहे. त्यावरचा ठसा एझ्राने नाही, मी ठोकलाय."

इंजिन उघडलं. दांडा बाहेर आला. केसाएवढी चीर पार आत गेली होती. साहेबांनी फडक्याने तेल पुसलं आणि वाकून पाहिलं.

"एझ्राचा कुठाय? हा तर तुझाच नंबर आहे."

दांड्यावर अठ्ठावन्न होतं. जोडारी डोळे चोळत राहिला. लेनर्डने खिशातला ठसा काढला. त्याचं तोंड सपाट होतं. कानशीचे ताजे ओरखडे त्यावर चमकत होते आणि आकडा नव्हताच.

लेनर्डची तपासनिसाची जागा गेली. तो तिथेच माल वाहू लागला. पुढच्या रविवारी डोरथीचं विमान नव्या दांड्यासह गावावरून गेलं, तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. लेनर्ड रस्त्यातच थांबला आणि रडला. घंटा खणखणीत वाजत होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं खोटं काम शेवटी करणाऱ्याचंच नाव सांगतं.