पानांच्या ढिगातली सापसुरळी

टेकडीवर विद्यापीठ नुकतंच वसलं होतं आणि तिथल्या जीवजंतूंचं बोलणं माणसांना अजून ऐकू येत असे, तेव्हाची ही गोष्ट.

सागाखालच्या पानांच्या ढिगात एका सापसुरळीनं चार अंडी घातली होती. एके सकाळी झाडलोट करणारी हौसाबाई काडेपेटी घेऊन आली. सापसुरळीनं ते पाहिलं. पळून जाणं सोपं होतं, पण ती ढिगावर चढून बसली.

"बाई, आग लावू नकोस. खाली माझी अंडी आहेत."

"मी तरी काय करू गं? पान दिसलं की साहेब माझ्यावरच डाफरतात."

"साहेब दरवर्षी रोपं लावतात, ती जगतात का?"

"कुठली जगतात! इथं नुसता मुरूम."

"पानं कुजली की माती होते, बाई. तुम्ही तर ती मातीच जाळता."

हौसाबाई थबकली. मग तडक साहेबांच्या कचेरीत गेली. "साहेब, एक वर्ष पानं जाळायची नाहीत. रोपं नाही जगली तर मला कामावरून काढा."

साहेब हसले, पण हो म्हणाले.

वसतिगृहातल्या मुलींनी खड्डे खणले. आवारातली पानं त्यात पडली, कुजली, त्यांची काळीभोर माती झाली आणि ती रोपांच्या मुळाशी घातली गेली. सागाखालच्या ढिगाला मात्र कुणी हात लावला नाही. त्यातून चार पिल्लं सळसळत बाहेर पडली. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीवरची रोपं पहिल्यांदाच हिरवी राहिली.

एकदा वाटेनं जाताना साहेबांच्या खांद्यावर सागाचं पान पडलं. कुणी बघत नाही ना, हे पाहून ते वाट वाकडी करून खड्ड्यापाशी गेले आणि पान त्यांनी हळूच आत ठेवलं.