करंजखिंडीची ठकूमाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. ज्याला विचाराल तो आपल्या पणज्याचं नाव घेईल आणि शेजारी बसलेला लगेच त्याला खोटं पाडेल. एवढं मात्र नक्की, की तेव्हा करंजखिंडीच्या घाटात मोटारीचा रस्ता नव्हता. कोकणातलं मीठ नि सुकी मासळी वर यायची, देशावरचा गूळ नि मिरची खाली जायची, आणि हा सगळा माल माणसं पाठीवरून वाहायची. घाटमाथ्यावरची करंजखिंड हे त्या ओझेकऱ्यांचं गाव. काय एकेक गडी होते हो! गुळाची ढेप पाठीला लावून चढणीवर गाणी म्हणायचे, असं म्हणतात. आता आपण नळावरून कळशी आणली तरी कंबरेला हात लावून उभे राहतो.

पण ओझं वाहून वाहून त्यांचीही कंबर धरायचीच. आणि कंबर धरली की गडी सरळ ठकूचं अंगण गाठायचा.

ठकू पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. पायाळू माणसानं पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे कोण जाणत नाही? पण बाकीच्या पायाळूंचा गुण आला तर येतो, नाहीतर नाही. ठकूचं तसं नव्हतं. माणसाला ती अंगणात पालथं निजवायची, अढीतला आंबा चाचपावा तसा पाठीच्या कण्यावरून पायाचा अंगठा फिरवायची, दुखरी जागा सापडली की तिथं टाच ठेवायची. मग कडाक! तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा आणि रानातली कबुतरं उडायची, असं म्हणतात. झोळीत घालून आणलेला माणूस जाताना तीच झोळी स्वतःच्या खांद्यावर टाकून जायचा. एकदा तर घाटात बसलेला बैल तिच्या पायानं उठला आणि तिच्या मागं मागं घरापर्यंत आला. मी काही बघायला नव्हतो, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

आलेला माणूस वयानं मोठा असला तर ठकू आधी त्याच्या पाया पडायची, मगच पाय लावायची. परक्यांच्या बाबतीत तेवढ्यानं भागायचं. घरात मात्र तसं भागणार नव्हतं. तेव्हाच्या काळी सुनेचा पाय सासऱ्याच्या अंथरुणाला चुकून लागला तरी गावभर बोभाटा व्हायचा. अंगाला लागणं तर सोडाच.

आणि धरली ती नेमकी सासऱ्याचीच कंबर.

सासरा म्हणजे सटवाजी नाईक, साऱ्या ओझेकऱ्यांचा म्होरक्या. त्याचा दरारा एवढा, की तो खाकरला तरी गडी ओझं उचलायचे. पण ठकूसाठी तो निराळाच होता. ती या घरात आली तेव्हा एवढीशी पोर होती, माहेरच्या आठवणीनं चुलीमागं बसून रडायची. सटवाजी खाली कोकणात गेला की येताना तिच्यासाठी भाजलेल्या फणसाच्या आठळ्या कनवटीला बांधून आणायचा. सून म्हणून आणली आणि लेक म्हणून वाढवली त्यानं.

तर असा हा सटवाजी मिठाचं पोतं घेऊन चढत असताना निसरड्या वळणावर त्याचा पाय सरकला आणि कंबरेत काहीतरी तुटल्यागत झालं. सोबत्यांनी उचलून घरी आणला. कंबरेतून जी कळ उठायची ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट टाचेपर्यंत जायची. याला आमच्याकडे रांझण म्हणतात. वैऱ्यालाही होऊ नये असं दुखणं. बसवेना, उभं राहवेना, कूस बदलली तरी डोळ्यांत पाणी. एवढा मोठा गडी, पण परसाकडे जायचं तर रांगत जायला लागला.

ठकूनं निरगुडीचा पाला बांधला, तापलेल्या वाळूचा शेक दिला, तेल चोळचोळून हात दुखवले. पण हातात गुण नव्हताच तिच्या. अंगणात परक्या माणसांच्या कंबरा सुटत होत्या आणि आत माजघरात सटवाजी दातांत पदर धरल्यासारखा उपरणं चावत पडला होता. ठकूचा जीव तीळ तीळ तुटायचा.

शेवटी ती सासूजवळ गेली. "आत्याबाई, मामंजींना मी पाय लावते. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

सासू कासाई एकदम उसळली. "अगं, जिभेला काही हाड? तुला लागेलच, पण त्यांच्या अब्रूचं काय? सुनेनं तुडवलेला नाईक म्हणतील लोक!"

मग गावातल्या शहाण्यांनी तोड काढली. म्हाताऱ्याच्या पाठीवर जेवायचा पाट ठेवायचा आणि ठकूनं पाटावर उभं राहायचं. पाय पाटाला लागतो, सासऱ्याला कुठं लागतो? वा रे हुशार! तिच्या अंगठ्याला पाटाखालचा कणा कसा कळावा? ती आंधळ्यासारखी उभी राहिली, पाट कलला, आणि सटवाजीनं अशी किंकाळी फोडली की घराबाहेर जमलेली माणसं पांगली. त्या दिवसापासून त्याचा उजवा पाय लुळा पडत चालला.

सटवाजीनं मग अन्न सोडलं. "मला आता खिंडीतल्या देवीपाशी नेऊन ठेवा," म्हणाला, "रांगणारा नाईक गावाला नको." ताट पुढं केलं की तोंड फिरवायचा. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

तेव्हा ठकूचं लेकरू अंगावर पिणारं होतं. माघी पुनवेच्या सकाळी ती न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून बसली होती, पायांवर लेकरू पालथं, पाठीवर कोमट पाणी. सगळ्या आया अशाच न्हाऊ घालतात. चोळता चोळता तिचा हात एकदम थांबला. तिनं लेकरू कासाईच्या मांडीवर दिलं, ओल्या लुगड्यानंच माजघरात गेली आणि म्हणाली, "मामंजी, चला. तुम्हाला न्हाऊ घालायचंय."

"वेड लागलं का गं तुला?"

"मी उभी राहून तुडवणार न्हाई तुम्हाला. तुम्हालाच पायांवर घेणार. लेकराला मायचे पाय लागतात, तेव्हा कुणी पाप म्हणतं का? फक्त तुम्ही मला माय म्हणा. नुसतं तोंडदेखलं नको, मनापासून म्हणा."

सटवाजी हळूच म्हणाला, "मला माझी माय ठावी न्हाई, पोरी. मी झालो नि ती गेली. हा शब्द मी जन्मात कुणाला म्हटला न्हाई."

"मग आता म्हणा."

असं म्हणतात, की तो पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, "माय." कासाई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि निमूटपणे चुलीवर पाणी ठेवायला गेली.

भर सकाळी, उघड्या न्हाणीत, साऱ्या गावादेखत ठकूनं सासऱ्याला पायांवर पालथा घेतला. आधी काही माणसं हसली. कासाईनं ऊन पाणी ओतलं, ठकूनं तेल चोळलं, मग एक पाय त्याच्या पोटाखालून हलकेच वर उचलला आणि दुसरा पाय बाहेर काढून त्याची टाच कंबरेवर नेली. अंगठ्याला जागा सापडली. कडाक! त्या दिवशीचा आवाज खाली कोकणातल्या भातखाचरांत ऐकू गेला, असं म्हणतात. सटवाजी तान्ह्या पोरासारखा मोठ्यानं रडला. रडून झाल्यावर उठला, उभा राहिला, आणि चालत चालत घरात जाऊन म्हणाला, "माय, भूक लागली."

पुढं तो पुष्कळ जगला आणि ठकूला दुसऱ्या नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. त्याचं बघून गाव म्हणू लागलं, गावाचं बघून घाटाखालचा मुलूख म्हणू लागला. ती ठकूमाय झाली.

आता ओझेकरी राहिले नाहीत. घाटातून मालाचे ट्रक घरघरत जातात आणि चढणीवरची गाणी कुणाला येत नाहीत. ते दिवस आठवले की जीव कासावीस होतो. पण माघी पुनवेला करंजखिंडीत या. दारोदारी न्हाणीच्या दगडावर सुना पाय लांब करून बसतात आणि घरातली म्हातारी माणसं त्यांच्या पायांवर पालथी होतात. ज्यांच्या सुना पुण्या-मुंबईकडे गेल्यात त्यांना शेजारची पोर बोलावून नेते. कोरडा कुणी राहत नाही. पण आधी ते एक म्हणावं लागतं, त्याशिवाय अंगावर पाण्याचा थेंब पडत नाही. एरवी सुनेशी धड न बोलणारे, ताठ मानेचे म्हातारे त्या दिवशी चारचौघांत मान खाली घालून म्हणतात, "माय." आणि ज्यांची कंबर अजून ठणठणीत आहे, ते तर सगळ्यात आधी येऊन बसलेले असतात.