साळूचे घासलेले तळे

ओढा रानातून बाहेर पडता पडता जिथे एकदा वळतो, त्या वळणावर एक साळू राहत असे. साळू म्हणजे तीच, जिला काही जण साळिंदर म्हणतात. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ. तिच्या बिळामागच्या परसात रताळ्यांचे वेल होते, अळू होते आणि एक लहानसे तळे होते. तळे कसले, डबकेच ते. पाणी हिरवट, तळाशी गाळ, दगडांवर शेवाळ आणि वर कमळाची चार पाने. त्यात एक म्हातारा बेडूक आणि पुष्कळशा गोगलगाई सुखाने नांदत होत्या. साळू रोज संध्याकाळी काठावर बसून बेडकाच्या गप्पा ऐके. त्या तळ्यात काही वावगे आहे असे तिला कधीच वाटले नव्हते.

एकदा मोर तिच्याकडे रताळी मागायला आला. परसात पाऊल टाकताच त्याने पिसारा आवरून घेतला. तो म्हणाला, "साळूबाई, घर एवढं नीटनेटकं आणि मागे ही घाण? पाहुण्यांना दाखवता तरी कशी?" एवढे बोलून रताळी घेऊन तो निघून गेला. ओढ्याच्या वळणापर्यंत पोचेतो तो आपले बोलणे विसरलाही असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे बोलणाऱ्यांचे तसेच असते. साळूला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. काल जिथे ती गप्पा मारत बसली होती, तिकडे तिला आज बघवेना.

मग तिने पदर खोचला. साळूला पदर नसतो, हे मला ठाऊक आहे, पण तिचा आवेश तोच होता. तिने कमळाचे कांदे उपटले, गाळ उपसला आणि सगळे गोगलगाईंसकट परसाच्या कडेच्या जांभळाखाली नेऊन टाकले. वाळलेला दोडका घेऊन तिने एकेक दगड खसखसून घासला. बेडूक म्हणाला, "साळूबाई, शेवाळ आहे म्हणून पाण्यात जीव आहे. नुसतं पाणी म्हणजे तळं नव्हे."

"बेडूकदादा, तुमचा जन्म चिखलात गेला. तुम्हाला काय कळणार?" साळू म्हणाली.

बेडूक तळ्यातून बाहेर पडला. तो जांभळाखालच्या गाळावर जाऊन बसला. मुलांनो, भांडी घासावीत हे खरेच, पण लोणचे मुरत असताना कुणी बरणी विसळायला काढत नाही. साळूला हे सुचले नाही. तिने जवळच्या झऱ्याचे पाणी वळवून तळे भरले. तळाचा खडा न् खडा दिसू लागला. लगेच तिने मोराला, खारीला आणि सशांना दुसऱ्या दिवशी दुपारचे बोलावणे धाडले. बोलावणे गेल्यावर तिच्या लक्षात आले, की एवढ्या स्वच्छ पाण्यात बघायला काहीच नाही.

म्हणून ती ओढ्यावर गेली. तिथे एक मासोळी आपल्या पिलांना घेऊन दगडाच्या आडोशाला राहत होती. वरच्या फांदीवर खंड्या बसे आणि रोज एखादे पिलू उचलून नेई. साळूने आपल्या तळ्याचे नाव काढताच मासोळीचे डोळे चमकले. तिने विचारले, "साळूताई, तुझ्या तळ्यावर खंड्या येत नाही ना?"

"तो कशाला येतोय? मी आहे ना तिथे," साळू म्हणाली.

"मग थोडी पोरं घेऊन जा, तुझे उपकार होतील. पण पाण्याने शेवाळ धरलंय ना? वर पानांची सावली आहे ना? नव्या पाण्यात ती तगायची नाहीत."

नाही म्हणावे, तर उद्याचा थाट गेला. साळू म्हणाली, "आहे की. सगळं आहे."

तिने पळसाची पाने आपल्याच काट्यांनी टाचून द्रोण केले. मासोळीने पिलांना जपून त्यांत लोटले. थोडीच ने असे ती सांगत होती, पण साळूने हे द्रोण भरले, ते भरले आणि पिलांची दाटी करून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले, तेव्हा ऊन रणरणत होते. तळ्यावर सावलीचा ठिपकासुद्धा नव्हता. पिले वर आली होती आणि पाण्याबाहेर तोंडे काढून उघडझाप करत होती. मोर खूश झाला. "वा, पाहुण्यांना बघून गाणं म्हणताहेत वाटतं," तो म्हणाला. खार हसली, ससे हसले.

बेडूक जांभळाखालून म्हणाला, "गाणं नाही ते. ती गुदमरताहेत."

सगळ्यांनी साळूकडे पाहिले. साळूला खरे कळले होते. बेडकाने सांगण्याआधीच, सकाळीच तिला थोडेसे कळले होते. पण मोरासमोर चूक कबूल कशी करायची? ती म्हणाली, "बेडूकदादांकडे लक्ष देऊ नका. तळ्यातून बाहेर काढल्यापासून ते जळफळताहेत."

तेवढ्यात एक पिलू उताणे झाले. साळू पटकन पुढे झाली. कुणाला दिसू नये असे तिने ते उचलले, अळूच्या पानाखाली सरकवले आणि रताळी वाढायला वळली. थोड्या वेळाने दुसरे पिलू उताणे झाले. तेही अळूखाली गेले. पाहुणे चवीने खात होते आणि तिच्या टापटिपीचे कौतुक करत होते. एकेका कौतुकासरशी साळूला आपलीच किळस येत होती, तरी तोंडावरचे हसू तिने मोडू दिले नाही.

पाहुणे एकदाचे गेले. ते दिसेनासे होताच साळू धावत बेडकापाशी आली. तिच्याच्याने मान वर करवेना. "बेडूकदादा, मी खोटं बोलले. आता काय करू?"

"दुपारीच विचारायचं होतंस," बेडूक म्हणाला. पण बोलता बोलता तो उठलाही होता. "जे फेकलंस, ते परत आण."

साळूने तोंडात धरून, पोटाने ढकलून तो गाळ परत आणला. कमळाचे कांदे तळाशी रोवले. ज्या गोगलगाई जिवंत होत्या, त्यांना तिने हलकेच पाण्यात सोडले. जांभळाची फांदी ओढून वर सावली केली आणि झऱ्याची बारीक धार चालू ठेवली. गाळ निवळला, तेव्हा जरा खोल पाण्यात मोजकीच पिले हलताना दिसली. बाकीची अळूखाली होती; ती तिने तिथेच पुरली.

ओढ्यातली मासोळी काही परसात येऊन बघणार नव्हती. पोरे मजेत आहेत असे साळूने सांगितले असते, तर ते खपून गेले असते. हा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटली. ती ओढ्यावर गेली.

मासोळीने दुरूनच विचारले, "साळूताई, रमली का पोरं?"

साळूने तिला सगळे सांगितले. घासलेले दगड सांगितले, द्रोणांतली दाटी सांगितली, अळूचे पानही सांगितले.

मासोळी काठाच्या अगदी जवळ आली. मग तिने विचारले, "ती वर तोंड काढत होती, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच होते. पाहुण्यांना वाढत होते."

खंड्या फांदीवर बसलाच होता. त्याच्याकडे बघत मासोळी म्हणाली, "तो निदान लपवत तरी नाही." साळूला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे. ती तशीच उभी राहिली. शेवटी मासोळीनेच विचारले, "जी उरलीत, त्यांच्यापाशी आत्ता कोण आहे?"

"बेडूकदादा आहेत."

"मग तू इथे का थांबलीस? जा. त्यांच्यापाशी बस." माफ केले असे काही ती म्हणाली नाही. साळूनेही ते मागितले नाही.

पुढे तळ्याने पुन्हा शेवाळ धरले, कमळाने पाने टाकली आणि उरलेली पिले त्यांच्या सावलीत मोठी झाली. एक दिवस मोर पुन्हा रताळी मागायला आला. हिरवे पाणी बघून त्याने नाक मुरडले आणि विचारले, "अहो साळूबाई, तुमचं ते स्वच्छ तळं कुठे गेलं?"

साळूने अळूकडे बोट दाखवले. "तिथे पुरलंय," ती म्हणाली.

तात्पर्य : चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून झाकलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, आणि मग स्वतःची वाटणारी लाज कशानेही झाकता येत नाही.