खोऱ्यातल्या मुलीने काय मागितले

फार फार पूर्वी, ज्या काळातल्या राजांची नावेसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, त्या काळी उंच डोंगरांमध्ये एक खोरे होते. तिथल्या लोकांची एक रीत होती. तिथे कुणालाच काही मागावे लागत नसे.

पाहुण्याच्या ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी येई. म्हातारे माणूस कुडकुडण्याआधीच त्याच्या खांद्यावर घोंगडी पडे. ज्या घरात पाहुण्याला "पाणी द्या" असे म्हणावे लागले, त्या घरची माणसे पुढे कितीतरी दिवस मान खाली घालून चालत. लहान मूल काही मागू लागले, की आई हळूच त्याचा हात दाबायची. "मागू नये, सोन्या. त्यांना दिसतं."

त्या खोऱ्यात एक पाठशाळा होती. दर वर्षी तिथल्या एका विद्यार्थ्याला दूरच्या बेटावर चार महिने शिकायला पाठवत. बेटावरचे वैद्य डोळ्यांच्या उपचारात तरबेज होते. त्या वर्षी एका विणकराच्या मुलीची निवड झाली.

मुलगी अबोल होती, पण तिचे सगळीकडे लक्ष असे. आपल्या बाबांना धागा नीट दिसेनासा झाला आहे, हे फक्त तिलाच कळले होते. हातमागावर धागा तुटला, की बाबांची बोटे चाचपडू लागायच्या आत ती तो सांधून टाकी. बाबा काही बोलत नसत. तीही बोलत नसे. ही विद्या तिला कशासाठी हवी होती, हे वेगळे सांगायला नकोच.

घरात निघायची तयारी सुरू झाली. पलीकडच्या वाडीतली मावशी येऊन डबे भरू लागली.

"हे लाडू, हे मेतकूट, ही चटणी. तिकडे मेले काय खातात कोण जाणे!"

"मावशी, मी शिकायला चाललेय. दुकान टाकायला नाही."

"बोलली बाई एकदाची! हा घे, आणखी एक डबा."

खोऱ्यातल्या नदीवरून बेटाकडे जाणारी नाव पौर्णिमेला सुटणार होती. त्याआधी पाठशाळेच्या गुरुमाईंनी मुलीला बोलावले.

"बेटावरची भाषा आली?"

"आली, गुरुमाई."

"त्या भाषेत म्हण बघू, मला हे हवं आहे."

मुलीने ते सफाईदारपणे म्हटले.

"आता आपल्या भाषेत म्हण."

मुलीने तोंड उघडले. तिचे कान लाल झाले. शब्द काही फुटेना.

गुरुमाईंनी मान हलवली. "मागच्या वर्षी गेलेला मुलगा अर्ध्यातून परत आला. म्हणाला, दगडाच्या काळजाची माणसं आहेत, माझ्यासमोर जेवली आणि मला विचारलंही नाही. मी म्हटलं, अरे, भूक लागली असं तू सांगितलंस का? तर म्हणाला, मी कसं सांगणार? पोरी, त्या बेटावर न मागता दिलं तर लोकांना राग येतो. त्यांना वाटतं, मला काय तोंड नाही? तिथं भूक लागली तर सांगावं लागतं. धडा समजला नाही तर विचारावं लागतं. तू गप्प बसून परत आलीस, तर तुझे चार महिने फुकट आणि विद्याही नाही."

"मग मी काय करू?"

"पौर्णिमेच्या आत कुणाकडे तरी काहीतरी माग. मागण्याआधी मिळालं, तर ते धरायचं नाही. जमलं नाही, तर नाव तुला न घेता जाईल."

मुलगी शेजारच्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. "काकू," एवढेच ती म्हणाली.

"ओठ किती सुकलेत गं! बस, ताक देते."

ती चांभारकाकांकडे गेली. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिले. "अंगठा तुटायला आलाय. काढ ती वहाण." वहाण शिवून तिच्यापुढे आलीसुद्धा.

ती कुंभाराकडे गेली. एका लहानशा सुगडावर तिची नजर क्षणभर थांबली, तोच ते तिच्या हातात आले. "आवडलं ना? ने की!"

मुलीला रडू येऊ लागले. इतक्या मायेच्या माणसांवर चिडायचे तरी कसे?

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी ती घरी बसली होती. बाबा विणत होते. धागा तुटला. सवयीने तिचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. उद्यापासून हा हात इथे नसेल. काकू येतील, ताक देतील, घोंगडी देतील. पण बाबांना दिसत नाही हे त्यांना कसे दिसणार? मीच तर ते इतके दिवस झाकून ठेवले!

बाबांची बोटे ताण्यावरून चाचपडत फिरत होती.

"बाबा," ती म्हणाली. "मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे."

बाबांचे हात थांबले. घरात असे वाक्य त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

"मी नसताना धागा दिसला नाही, तर काकूंना हाक मारा. तुम्ही स्वतः मारा. तेवढं वचन मला द्या. नाहीतर तिकडे माझं लक्ष लागणार नाही."

"तुला हे हवं होतं?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुला नवी शाल हवी असेल. मी विणायला घेतली होती."

मग ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि त्यांनी हाक मारली, "वहिनी! मला नीट दिसत नाही. जरा धागा सांधून देता का?"

काकूंच्या हातातले सूप खाली पडले. त्या धावतच आल्या. "भाऊजी, इतके दिवस बोलला का नाहीत हो? आम्ही काय परके?"

"तुम्हाला दिसेल असं वाटलं," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

संध्याकाळी मुलगी गुरुमाईंकडे गेली. तिने सगळे सांगितले. गुरुमाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पहाटे लवकर ऊठ. नाव थांबत नाही."

बेटावर पहिल्याच दिवशी धडा तिच्या डोक्यावरून गेला. कान लाल झाले, तरी ती उभी राहिली. "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" म्हातारे वैद्य खूश झाले. त्यांनी पुन्हा सांगितले, आणि बेटावरच्याही कितीतरी मुलांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे तिने इतके विचारले, की चार महिन्यांत जे शिकता येईल ते सारे ती शिकली.

ती परत आली. तिच्या उपचाराने बाबांच्या एका डोळ्यावरचे धुके गेले, दुसऱ्यावरचे थोडे राहिले. खोऱ्यातले लोक आजही न मागता भाकरी वाढतात. पण आता वाढून झाले, की समोर बसून विचारतात, "आम्हाला न दिसणारं काही असेल, तर सांगा."

तात्पर्य: दिसणारी गरज न मागता भागवावी, आणि न दिसणारी गरज न लाजता सांगावी.